दवाखान्याला ओळख न देणाऱ्या अक्का

अक्का गेल्याची बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि तिच्या बरोबर खाली माझा फोटो येऊन पडला. ताटात झुणका, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दह्याची वाटी आणि खाली ओळ : ‘अक्का, बऱ्या झालात की हितंच यायचं. जागा धरून ठेवलीय.’ झालं होतं असं, की त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, म्हणून बायकोला दवाखान्यात अक्कांजवळ ठेवून मी कचेरीच्या एका कामाला पन्हाळ्याला गेलो. काम झाल्यावर एका ओळखीच्या ठिकाणी जेवायला बसलो. दोन वर्षांपूर्वी कधीतरी मी तिथल्या वायफायचा पासवर्ड मागून घेतला होता. माझ्या फोननं ती ओळख इमानानं जपली होती. बसल्या बसल्या तो त्या वायफायला जाऊन चिकटला. त्या वायफायला त्या दिवशी इंटरनेटच नव्हतं, आणि धुक्यामुळं फोनची रेंजही येत-जात होती. बायको फोन करून दमली. मी मात्र फोटो काढला, ओळ लिहिली, पाठवून दिला आणि हात धुतले. फोटो गेलेलाच नव्हता. घाट उतरून खाली आलो तेव्हा फोननं ते वायफाय सोडलं, आणि अडकलेलं सगळं एकदम सुटलं. माझा फोटो तिकडं गेला, तिकडची बातमी माझ्याकडं आली… इचलकरंजीच्या एका भाच्यानं घाईत माझ्या फोटोखालीच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. ती अक्कांना होती की भाकरीला, हे आजपर्यंत कुणी त्याला विचारलेलं नाही.

गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मी उभा राहिलो. रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की अक्कांनी हे बघितलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, “बघा पावणं, सांगत हुतो का न्हाय?”

शालनअक्का ही माझ्या बायकोची, सुमनची, थोरली बहीण. मलकापूरच्या बाजूच्या खेड्यांतून उभी नोकरी प्राथमिक शिक्षिकेची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. मी धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे जावई. त्यामुळं त्यांनी मला जन्मभर ‘पावणं’ म्हटलं. त्या ‘पावणं’मध्ये मान किती आणि चेष्टा किती हे मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

फोनमधलं वायफाय हा अक्कांचा हातखंडा विषय. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेची रोजची माहिती फोनवरून भरून पाठवायची सक्ती आली, आणि त्यांच्या शाळेच्या गावात तर रेंज नावालाही नव्हती. मग कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या दुकानात, पतपेढीच्या पायरीवर बसून त्या माहिती पाठवायच्या. कुठलं वायफाय कुठपर्यंत पोचतं, कुठलं नुसतं दिसतं आणि चालत नाही, कुठलं भिंतीला टेकलं की चालतं, हे सगळं त्यांनी तिथं शिकून घेतलं. बाकीच्या बाई-गुरुजींनी त्या कामाला शिव्या घातल्या. अक्कांनीही घातल्या, पण शिव्या घालता घालता विषय पक्का केला. फोन मराठीत लावून घेतला होता. त्यातल्या ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ नावाच्या पानावर त्यांचा जीव होता. आपण कुठंही एकदा पासवर्ड टाकला की फोन त्या जागेचं नाव त्या पानावर लिहून ठेवतो आणि पुन्हा तिथं गेलो की न विचारता जोडून घेतो, हे मला पहिल्यांदा अक्कांनीच समजावलं. तेही माझ्या भाषेत.

“फोन म्हंजे जावई समजा,” त्या म्हणाल्या. “एकदा ओळख निघाली की त्या घरात घुसतोय. आत चूल पेटलीया का न्हाय बघत न्हाय. उपाशी बसंल, पर तिथनं हलणार न्हाय.”

“समदेच जावई तसले नसतात,” मी म्हणालो.

“मी कुठं समद्यांचं म्हणतोय?”

एका रविवारी दुपारी त्यांनी माझा फोन मागून घेतला. फोन सारखा अडकतो अशी तक्रार मीच केली होती. चष्मा कपाळावर चढवला, ते पान उघडलं आणि खाली, आणखी खाली, आणखी खाली सरकत राहिल्या. शेवटी मान वर करून म्हणाल्या, “पावणं, फोन हाय का धर्मशाळा?” मग हजेरी सुरू झाली. एकेक नाव वाचायचं, हे कुठलं म्हणून विचारायचं. मी जागा सांगायची, पुन्हा जाणार का ते सांगायचं. जाणार असलो तर ठेवायचं, नाहीतर ‘विसरा’ हे बटण दाबायचं. ‘कार्यालय गेस्ट’ म्हणून एक निघालं. मी म्हणालो, कुणाच्या तरी लग्नाला गेलतो, आठवत न्हाय कुणाच्या. “मग त्या नवरा-नवरीला तरी कुठं आठवत असंल तुम्ही आलतासा ते,” म्हणून त्यांनी ते पुसलं. नावात ‘फ्री’ असलेली सगळी त्यांनी न विचारताच काढली. “उघड्या दाराची पाटी कुणीबी लावू शकतंय. तुमचा फोन पाटी वाचून चपला काढून आत. आत कोण बसलंय त्याला काय म्हाईत?”

तेवढ्यात त्यांचं बोट एका नावावर थांबलं. ‘रस्सा गेस्ट’. सुमन समोरच लसूण सोलत बसली होती. श्रावण चालू होता, आणि आमच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. त्याच आठवड्यात मी एका मित्रासोबत मटणाच्या खानावळीत गेलो होतो, आणि मित्राला पैसे ऑनलाइन द्यायचे होते म्हणून… असो. अक्कांनी त्या नावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण लपलेलं काही नसावं. “हे शेजारच्यांचं फुकटचं धरलेलं दिसतंय,” असं म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं आणि पुढचं नाव वाचलं. चहाचा कप ठेवायला आत गेल्या तेव्हा माझ्या जवळून जाताना एवढंच म्हणाल्या, “श्रावण सरला की परत जोडून घ्या.”

हे असं त्यांचं सगळं. धाक होता, पण माणसाला उघडं पाडायचं नाही. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं फोन घेऊन यायच्या, आणि एखादीच्या फोनमध्ये न सांगण्यासारखं काही दिसलं तरी ते अक्कांच्या दाराच्या आतच राहायचं. अक्का स्वतःच्या फोनमध्ये मात्र मोजकीच नावं ठेवायच्या. आमचं घर, राधानगरीच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं घर, मलकापूरच्या मैत्रिणीचं, आणि अशीच चार-दोन. त्यांचा नियम सरळ होता : ज्याचं नाव फोनात ठेवायचं, त्याच्या घरी जाऊन यायचं. जायचं नसेल तर नाव ठेवायचं नाही. वर्षभर पाय लागला नाही असं घर दिसलं की त्या पुसायच्या नाहीत, एसटी पकडायच्या. राधानगरीला तर भर पावसात गेल्या आणि भिजलेल्या साडीनं उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या म्हणे, “फोन जोडला गेला बघ आपसूक. म्हंजे पासवर्ड बदलला न्हाईस. बरं केलंस.” ती विद्यार्थिनी अजून हे सांगते.

मग त्यांच्या किडन्या थकल्या. “नोकरीत मी व्हीआरएस घेतली न्हाय, ती किडन्यांनी घेतली,” असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं. आठवड्यातून दोन वेळा, पुढं पुढं तीन वेळा, डायलिसिसला जायचं ठरलं. दवाखाना शहरातलाच. कधी मी सोडायचो, कधी सुमन. चार-चार तास त्या मशीनला जोडून पडून राहायचं, हाताला सुया, हलायचं नाही. माझ्यासारखा माणूस त्या छताकडं बघून आठवड्याभरात खचला असता. अक्का मोकळ्या हातात फोन धरून कुस्त्या बघायच्या. तरुणपणापासूनचा त्यांचा तो शौक. गावोगावच्या मैदानांच्या कुस्त्या फोनवर लावायच्या आणि झोपल्या झोपल्या डावांवर बोलायच्या. “अरं, पाय धर की त्याचा… धरलास तर सोडतोस कशाला?” शेजारच्या पलंगावरचे पेशंट मान वळवून ऐकायचे. तिथल्या सिस्टरही येता-जाता विचारायच्या, आजी, कोण जिंकलं?

पण हा सगळा प्रकार दवाखान्याच्या वायफायवर चालायचा, आणि मुद्दा तिथंच होता. दर वेळी आत शिरल्या की अक्का आधी काउंटरवर जायच्या. तिथं प्रियांका नावाची मुलगी बसायची.

“पासवर्ड सांग गं.”

“आजी, परवाच दिलता की.”

“परवाचा परवा सरला. आजचा सांग.”

“तोच हाय की ओ, बदललेला न्हाय.”

“मग तोच सांग.”

प्रियांका हसत सांगायची, अक्का एका बोटानं एकेक अक्षर टाकायच्या. आणि घरी निघताना, डायलिसिसनं अंगातलं सगळं त्राण गेलेलं असायचं, दंडाला पट्टी, डोळे अर्धे मिटलेले, तरी रिक्षा गेटबाहेर पडायच्या आत त्या फोन काढायच्या, ते पान उघडायच्या आणि दवाखान्याच्या नावावर ‘विसरा’ दाबायच्या. मगच मान मागं टेकायच्या. मला वाटायचं, शिक्षिकेची शिस्त आहे, आयुष्यभर फळा पुसूनच वर्गाबाहेर पडलेली बाई.

एकदा त्यांना फारच थकवा आला होता. रिक्षात बसल्या बसल्या डोळा लागला आणि ते पुसायचं राहून गेलं. पुढच्या वेळी आम्ही गेटातून आत शिरतोय तोच त्यांच्या पिशवीत फोन वाजला. टिंग, टिंग, टिंग, रखडलेले निरोप येऊन पडायला लागले. अक्का गेटाच्या आतल्या उतारावर जागच्या जागी थांबल्या. फोन काढून बघितला. दवाखान्यानं त्यांना दारातच ओळखलं होतं. मागून एक स्ट्रेचर येत होतं, वॉर्डबॉय ‘बाजूला व्हा मावशी’ म्हणत होता. अक्का बाजूला झाल्या, भिंतीला टेकल्या, ते नाव पुसलं, आणि मग काउंटरवर जाऊन म्हणाल्या, “पासवर्ड सांग गं.”

“अक्का, जोडलं गेलंच हुतं की आता,” मी म्हणालो.

“व्हय. म्हणून तर पुसलं.”

त्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर त्यांनी कुस्ती लावली नाही. मग छताकडं बघतच बोलल्या. “पावणं, घर कुठलं? जिथं न विचारता आत घेत्यात ते. हितं मी विचारून येतो आणि सांगून जातो. पावणीसारखी. ज्या दिवशी ह्या जागेनं मला दारात वळखलं, त्या दिवशी मी हितली झालो. मला हितली व्हायचं न्हाय.” मग सिस्टरकडं बघून म्हणाल्या, “तुम्ही माणसं चांगली हाईसा. पर मी घरी जाणार.” सिस्टर म्हणाली, जायचंच की आजी, घरीच जायचं.

त्यानंतर मी त्या पुसण्याची कधी चेष्टा केली नाही. उलट रिक्षात बसलो की मीच आठवण करायचो, अक्का, पुसलं का? त्या मान हलवायच्या. मला आता कळायला लागलं होतं की ही बाई रोगाशी भांडत नाही. रोग तिनं मान्य केला होता, पथ्य पाळत होती, पाणी घोटाघोटानं मोजून पीत होती. ती भांडत होती ते एवढ्यासाठीच, की आपलं नाव ‘पेशंट’ पडू नये. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या बायकांचे फोन तपासायची, तिसऱ्या दिवशी मलकापूरला मैत्रिणीकडं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. आम्ही रागवायचो. ती म्हणायची, “त्या मशीनला वाटायला नको, हिला दुसरं काय काम न्हाय म्हणून.” मी कचेरीतून सर्दी झाली म्हणून रजा घेणारा माणूस. मला तिच्यासमोर बसून नाक शिंकरायचीही लाज वाटायची.

शेवटच्या वेळी छातीत कफ धरला आणि ताप उतरेना. डायलिसिसचा दिवस नसताना दाखल करावं लागलं. चाकाच्या खुर्चीवरून आत नेत होते, तरी काउंटरसमोर आल्यावर अक्कांनी हात वर केला. वॉर्डबॉय थांबला. प्रियांकानं या वेळी विचारायची वाट बघितली नाही, उठून बाहेर आली, त्यांच्याजवळ वाकली आणि हळू आवाजात पासवर्ड सांगितला. अक्कांनी धाप लागत असतानाही एका बोटानं तो टाकला. पहिले दोन दिवस जनरल वॉर्डात होत्या, बोलत होत्या. सुमनला म्हणाल्या, मलकापूरला जायचं राहिलंय. मला म्हणाल्या, फोन साफ केला का? मी हो म्हणालो, आणि पन्हाळ्याचं ते ठिकाण तेवढं पुसायचं विसरलो, हे आता तुम्हाला माहीतच आहे. मग श्वास जड झाला आणि अतिदक्षता विभागात नेलं. तिथं फोन चालत नाही. तो सुमनच्या पिशवीत आला. पुढं त्या फारशा शुद्धीवर नव्हत्या. मधे एक दिवस बरं वाटलं, त्याच दिवशी मी पन्हाळ्याला गेलो…

दिवसकार्य झालं, पै-पाहुणे गेले. सुमनचा फोन जुना झाला होता, म्हणून ती अक्कांचाच वापरायला लागली. एक दिवस मी सहज ते पान उघडलं. आमचं घर होतं, राधानगरी होती, मलकापूर होतं. आणि सगळ्यांच्या वर दवाखाना होता. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं त्या बाईनं त्या जागेला ओळख दिली नाही. तापानं फणफणून आली तरी पावणी म्हणून आली आणि पावणी म्हणून गेली. आणि अखेरीस त्या जागेचं नाव तिच्या घरांच्या ओळीत, त्या घरांच्याही वर जाऊन बसलं. मी फोन खाली ठेवला. पण मनातून ते जाईना. कुणी अक्कांच्या धीराचं कौतुक करायला लागलं की मी मान हलवायचो आणि आत कुठंतरी म्हणायचो, शेवटी दवाखाना जिंकला.

गेल्या आठवड्यात अक्कांची उरलेली औषधं, न फोडलेली इंजेक्शनं आणि पाठीला लावायची ती गादी दवाखान्यात देऊन यायचं ठरलं. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. आम्ही दोघं गेलो. गेटातून आत पाऊल टाकलं आणि सुमनच्या पिशवीत फोन वाजला. टिंग, टिंग. ती थबकली. मीही थबकलो. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. आत गेलो. प्रियांकानं सामान घेतलं, पावती कशाला म्हणाली. “आजी नसल्या की काउंटर लई शांत वाटतंय,” एवढंच म्हणाली.

बाहेर येताना सुमन गेटाच्या आतच थांबली. पिशवीतून फोन काढला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून फोन लांब धरून, डोळे बारीक करून तिनं ते पान शोधलं. मी कधी शिकवलं नव्हतं तिला. अक्कांनीच शिकवलं असणार. दवाखान्याच्या नावावर बोट ठेवलं आणि ‘विसरा’ दाबलं. मला राहवलं नाही. इतके दिवस मनात कुढत होतो ते बोलून गेलो. म्हणालो, “आता पुसून काय उपेग, सुमन? शेवटी अक्कांनीच ठिवलं हुतं ते. हरल्या त्या.”

सुमननं फोन पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, “हरती कशाची? दर येळी निघताना पुसायची ती. ह्या येळी आपण निघालोय, हे तिला कुणी सांगितलंच न्हाय.”